कोडमधली कॉर्ड आणि भूपाचा सा

कट्ट्यात भजनाला न बसलेला माणूस शोधून सापडायचा नाही, त्यामुळे सूर म्हणजे काय इथून आम्ही सुरुवात करत नाही. पेटीवरची पांढरी एक सगळ्यांना माहीत आहे, तिथूनच सुरू करू.

संगणकाला पांढरी एक कळत नाही, त्याला आकडा लागतो. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे ६०. तिच्या पुढची काळी ६१, मग पांढरी दोन ६२, असं एकेक पट्टी एकेक आकडा. पूर्ण सप्तक १२ आकड्यांचं, म्हणून तार सा ७२ आणि खर्ज सा ४८. सोनिक पाय नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, केंब्रिज विद्यापीठात सॅम आरन यांनी शाळेतल्या मुलांसाठी केलेलं. त्यात 'प्ले ६०' असं लिहिलं की सा वाजतो. त्याखाली 'प्ले ६४' आणि 'प्ले ६७' लिहिलं, आणि मध्ये थांबायची आज्ञा दिली नाही, की तिन्ही सूर एकदम वाजतात. सा, ग, प. झाली कॉर्ड. पाश्चात्त्य लोक हिला मेजर म्हणतात. ग कोमल केला, म्हणजे ६४ चा ६३ केला, की मायनर. पहिल्या कॉर्डमध्ये अंतरं ४ आणि ३, दुसरीत ३ आणि ४. एवढ्याशा फरकाने रंग बदलतो.

इथपर्यंत सोपं आहे. बहुतेक पोरं इथेच थांबतात आणि मग विचारतात, आमचं ट्रॅक कीबोर्डच्या बटणासारखं का वाजतंय?

कारण बघा. सा ची कॉर्ड ६०, ६४, ६७. मग म ची हवी म्हणून लिहिलं ६५, ६९, ७२. तिन्ही सूर पाच-पाच पट्ट्या उडाले. म्हणजे पेटीवर पंजा तसाच ताठ ठेवून उचलला आणि दुसरीकडे आपटला. कुठलाही बुवा असं वाजवणार नाही. म ची कॉर्ड म्हणजे म, ध, सा. हे तीन सूर हवेत, पण याच क्रमाने हवेत असं कुणी सांगितलंय? सा खाली घ्या: ६०, ६५, ६९. आता सा जागेवरच राहिला, ग एक पट्टी वर सरकून म झाला, प दोन पट्ट्या सरकून ध झाला. आधी एकूण हालचाल १५ पट्ट्यांची होती, आता ३ ची. कॉर्ड तीच, पण सुरांची बैठक बदलली. या बैठकीला व्हॉइसिंग म्हणतात.

कोडची खरी मजा इथे आहे. हे काम हाताने करायची गरज नाही. पुढच्या कॉर्डच्या शक्य तेवढ्या बैठका करा, प्रत्येक सूर आधीच्या सुरापासून किती सरकला ते मोजा, बेरीज करा आणि सर्वांत लहान बेरीज असलेली बैठक निवडा. दहा-बारा ओळींचं काम आहे. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या स्ट्रूडलमध्ये तर व्हॉइसिंगची सोय तयारच मिळते. वरच्या सुराला एक खुंटी द्यायची आणि तो कॉर्ड त्या खुंटीच्या आसपास बसवतो. पण आमचं म्हणणं, एकदा तरी स्वतः मोजावं. नाहीतर यंत्राने काय केलं ते कळत नाही आणि बिघडलं तर दुरुस्त करता येत नाही.

हे काही नवीन शास्त्र नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात चर्चच्या शाळांतून पोरं नोटेशन आणि हार्मनी शिकत होती आणि पुढे मुंबईच्या सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्या नावाचं गाणं १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त आहे, ते प्यारेलाल यांचे गुरू. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशनच्या चालींना वाद्यमेळ दिला. चाल एका माणसाची, तिच्याभोवतीची बैठक दुसऱ्याची. आज ते दुसऱ्याचं काम तुम्ही कोडमध्ये करताय.

आता एक सावधगिरी. खर्जात सूर जवळजवळ ठेवू नका. ३६ आणि ४०, म्हणजे अतिखर्जातले सा आणि ग, यांची कंपनं सेकंदाला साधारण ६५ आणि ८२. फरक १७ चा. कानाला तो फरक सुरासारखा ऐकू येत नाही, घरघर ऐकू येते. तेच ६० आणि ६४ घेतलं की फरक ६८ चा होतो आणि दोन सूर वेगळे कळतात. म्हणून खाली सा-प किंवा सा-सा असं मोकळं अंतर, आणि ग वर. हे लक्षात ठेवलं तर निम्मा गोंगाट जातो.

मुख्य मुद्दा भुपाचा, कारण इथे ट्रॅक करणारे बहुतेक जण भजनाच्या चालीलाच कॉर्ड लावतात. भूप म्हणजे सा रे ग प ध. म नाही, नी नाही. या पाच सुरांतून तिसऱ्या-तिसऱ्या सुरांची पूर्ण कॉर्ड किती निघतात? दोनच. सा ग प आणि ध सा ग. तयार सॉफ्टवेअर काय करतं, ध ची कॉर्ड आली की खर्जात ध लावतं. तो ध चार आवर्तनं तसाच राहिला की कान त्यालाच सा समजू लागतो. आणि भुपातल्या ध ला सा मानलं की काय होतं ते जाणकारांना माहीत आहे, धानी होतो. मूर्च्छनेचा जुना हिशेब आहे. गाणारा बुवा भूप गातोय आणि खालून ट्रॅक त्याला धानीकडे ओढतंय. त्याला कळत नाही काय बिनसलं, तो म्हणतो आवाज लागत नाहीये. आवाज बरोबर आहे हो, त्याच्या पायाखालचा सा काढून घेतलाय.

उपाय बैठकीतच आहे. पहिली कॉर्ड अशी मांडा: ४८, ५५, ६४, ७२. सा, प, ग, सा. दुसरी अशी: ४८, ५७, ६४, ७२. सा, ध, ग, सा. खर्जात सा कायम. दोन कॉर्डमधला फरक फक्त एका सुराचा, प दोन पट्ट्या वर जाऊन ध झाला. रंग बदलला, राग हलला नाही. आणखी हवं असेल तर चौथ्या-चौथ्या सुरांची रास करा: ५७, ६२, ६७, म्हणजे ध, रे, प. सगळे भुपातलेच. पण खाली ४८ ठेवाच.

बुवांची पट्टी काळी चार असेल तर सगळ्या आकड्यांत ८ मिळवा किंवा ४ वजा करा. वजा केलं तर खर्ज ४४ वर येतो. तिथे मघाचा घरघरीचा नियम पुन्हा तपासा.

(श्रोत्यांतून प्रश्न: मगे आमची पेटी चुकीची वाजता काय? हशा.)

चुकीची नाही, तडजोडीची. पेटीचा ग शुद्ध गंधारापेक्षा जरासा चढा असतो, पट्टीच्या साधारण सातव्या भागाइतका. एकट्या सुरात चालून जातं. पण सा आणि ग एकत्र धरले की त्यांच्या वरच्या उपस्वरांत सेकंदाला दहाएक ठोके पडतात. १९४० मध्ये रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत राहिली, त्या वादात हा सुराचाही मुद्दा होता. कोडमध्ये मात्र पट्टीचं बंधन नाही. ६४ च्या जागी ६३.८६ लिहा, सोनिक पाय निमूट वाजवतो. प ६७.०२, ध ६८.८४. तानपुरा लावून ऐका, ठोके थांबलेले कळतील.

फक्त आता सांगितलेली ध, रे, प ची रास इथे अडते. शुद्ध रे ६२.०४. त्याच्याशी ६८.८४ चा ध जुळत नाही, त्याला ६९.०६ लागतो. आणि ६९.०६ केला की तो ग शी भांडतो. दोन्ही एका बैठकीत खूश होत नाहीत. म्हणून ज्या कॉर्डमध्ये ग आहे तिथे उतरा ध, जिथे रे आहे तिथे चढा ध, असं कोडला आधीच सांगून ठेवा. आणि चालीत त्याच क्षणी ध येत असेल तर बुवा कुठला ध लावतात ते आधी ऐका, आकडा त्यानंतर लिहा.