किक मारू नका… आधी तेल बघा!

जुलैचा दुसरा रविवार. बंगळूरमध्ये या दिवशी जावा आणि येझदी मोटारसायकलींचा मेळा भरतो. निळसर धूर, चकाकणाऱ्या टाक्या आणि एकामागून एक बसणाऱ्या किका… बघणाऱ्याला ही जत्राच वाटते. पण यातली प्रत्येक फटफटी चालती ठेवायला मालकाला वर्षभर खटपट करावी लागते. कारण ती जिथे बनली, तो कारखाना १९९६ मध्येच बंद पडला.

हा कारखाना बंगळूरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर, म्हैसूरला होता. रुस्तम इराणी यांच्या ‘आयडियल जावा’ कंपनीचा. १९६१ मध्ये जयचामराजेंद्र वडियार यांच्या हस्ते त्याचं उद्‌घाटन झालं. सुरुवातीला चेकोस्लोव्हाकियाच्या जावाचं नाव मिरवणारी गाडी सत्तरच्या दशकात येझदी झाली. गंमत बघा, बंगळूरमध्ये मोटारींच्या सुट्या भागांचा जो मोठा बाजार आहे, तो जे. सी. रोडही याच वडियारांच्या नावाचा!

या बाजारात जुन्या गाडीसाठी शोधावी लागणारी एक वस्तू म्हणजे ऑइल सील. स्प्रिंग बसवलेली रबराची साधी कडी, पण इंजिनाचा जीव तिच्यावर अवलंबून असतो.

येझदीचं इंजिन टू-स्ट्रोक. वंगणासाठी त्यात पंप नाही, तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. साधारण एका लिटरला ४० मिलिलिटर. तेच पिस्टन आणि क्रँकच्या बेअरिंगपर्यंत पोहोचतं. ते कमी पडलं तर पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकतो, मेकॅनिकच्या भाषेत इंजिन ‘सीज’ होतं. भरधाव गाडीचं मागचं चाक अचानक जाम झालं, तर चालवणाऱ्याच्या जिवावरच बेततं. अर्थात, तेल जास्त घातलेलं बरं, असंही नाही. जादा तेलाने प्लग काळा पडतो, सायलेन्सरमध्ये काजळी साचते.

क्रँकच्या दोन्ही बाजूंना सील असतात. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की त्यांचं रबर कडक होतं आणि मग गळती होते ती बाहेर नव्हे, आत! क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढून जाळू लागतं. जमिनीवर थेंबही पडत नाही, पण गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नाही आणि गिअरबॉक्सचं तेल घटत जातं. दुसऱ्या बाजूचं सील गेलं तर आत हवा शिरते. प्लग पांढरट पडतो, अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिन भणाणत राहतं. असं झालं की गाडी लगेच थांबवावी, पुढची पायरी सीज होण्याचीच.

बुलेटची तऱ्हा वेगळी. १९५५ पासून मद्रासला बनू लागलेल्या या गाडीचं इंजिन फोर-स्ट्रोक. जुन्या मॉडेलमध्ये तेलाचा कप्पा वेगळा. एक पंप तेल पुढे पाठवतो, दुसरा परत आणतो. गाडी बरेच दिवस उभी राहिली की तेल झिरपून क्रँकच्या बाजूला उतरतं. डिपस्टिकवर तेल कमी दिसतं, म्हणून मालक आणखी ओततो. गाडी सुरू होताच जादा तेल ब्रीदरच्या नळीतून बाहेर! मग इंजिन बिघडलं म्हणून सगळे सील बदलले जातात. दोष मात्र मोजण्याच्या वेळेचा. गाडी काही मिनिटं चालवून, बंद करून, थोडं थांबून मगच पातळी बघावी.

झाकणाच्या सांध्यातून तेल येत असेल, तर स्क्रू करकचून आवळू नयेत. अ‍ॅल्युमिनियममधले आटे जातात. झाकण काढून, काचेवर पसरलेल्या बारीक पॉलिशपेपरवर घासून सपाट करावं आणि नवं पॅकिंग घालावं. सीलंट लावायचंच तर अगदी पातळ. त्याचा सुटलेला तुकडा तेलाची वाट अडवू शकतो.

बाबांची येझदी पुन्हा रस्त्यावर आणायची आहे? मग उत्साहाच्या भरात किक मारू नका. आधी हे करा:

• टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. नवं पेट्रोल वेगळ्या डब्यात तेल मिसळूनच भरा.

• प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडा आणि हलक्या हाताने इंजिन फिरवा. अडत असेल तर जोर लावू नका.

• गिअरबॉक्सचं तेल बदला.

• सील आणि पेट्रोलच्या नळ्या तपासून घ्या. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते मानवत नाही.

या तयारीत एखादा रविवार जाईल. पण घाईघाईने मारलेली एक किक पिस्टन ओरबाडून गेली, तर त्या मापाचा दुसरा पिस्टन शोधण्यात किती रविवार जातील, याचा हिशेब नाही!