बारा व्होल्टची आगगाडी

पुण्यात कोथरूडला जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. ते पाहून आल्यावर आमच्या धाकट्याने फळीवर जलंब-खामगाव लाइन मांडली. रुळांत बाराच व्होल्ट, हाताला झटका बसत नाही, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण सांध्यावर इंजिन घसरले की शॉर्ट होई आणि फ्यूज उडे. कंटाळून साहेबजाद्यांनी फ्यूजला चॉकलेटची चांदी गुंडाळली! मगरिबची नमाज पढून आलो तर खोलीत जळका वास; वायर वितळून फळी काळी पडलेली. घराचा एमसीबी मात्र जागचा हलला नव्हता. कसा हलेल? बारा व्होल्टच्या बाजूला पाच अँपिअर वाहिले, तरी ट्रान्सफॉर्मरच्या २३० च्या बाजूला जेमतेम पाव अँपिअर जातो.

आता ट्रान्सफॉर्मरनंतर लगेच २ अँपिअरचा फ्यूज आहे. शिवाय एका वायरीत मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये जोडला आहे. गाडी नीट धावते तोवर तो विझलेला. शॉर्ट झाला की लख्ख पेटतो आणि पावणेदोन अँपिअरहून जास्त करंट जाऊ देत नाही. खामगाव स्टेशनाजवळ तो अजून पेटतो. तिथला सांधा धाकट्याला पुन्हा बसवायचा आहे.