एक तरी सोंगटी मारल्याशिवाय…

‘तुम्हाला वेळ कुठून मिळतो हो खेळायला?’ हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. त्यात कौतुक कमी, टोमणा जास्त. पुरुष पारावर पत्ते कुटत बसले की तो विरंगुळा. चार बायकांनी पट मांडला की त्या रिकामटेकड्या! पण मैत्रिणींनो, बैठे खेळ हा माझा छंद आहे आणि तो मी उघडपणे जोपासते.

कॅरम मला आवडतो, पण माझा नेम कच्चा. राणी घेते, तिच्या पाठोपाठ सोंगटी काही जात नाही आणि राणी पुन्हा मध्यावर! बुद्धिबळात मुलगा मला दहा मिनिटांत गुंडाळतो. ‘व्यापार’ सुरुवातीला रंगतो, पण एकाच्या हातात सगळी शहरं गेली की बाकीच्यांनी नुसतं भाडं भरायचं. गंमत म्हणजे, हेच दाखवायला तो जन्मला. ‘व्यापार’ ज्या मोनोपॉलीवरून आला, तिचं मूळ एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईच्या खेळात आहे. जमीनमालक भाड्यावर कसे गबर होतात हे लोकांना कळावं, म्हणून तिने तो रचला आणि १९०४ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीने तिच्याकडून खेळाचे हक्क ५०० डॉलरला विकत घेतले. नाव मात्र कित्येक वर्षं चार्ल्स डॅरो या गृहस्थांचंच होत राहिलं!

माझा खरा जीव अष्टाचंगमध्ये. फरशीवर खडूने पाच बाय पाच घरं आखायची. चारही बाजूंच्या मधल्या घरांवर आणि अगदी मधोमधच्या घरावर फुली. सोंगट्या म्हणून फुटक्या बांगड्यांचे तुकडे किंवा बटणं. कवड्या नसल्या तर फोडलेले चिंचोके. चारही उताणे पडले तर चार, चारही पालथे पडले तर आठ, आणि दोन्हीला पुन्हा टाकायला मिळतं. फुलीच्या घरात कुणी मारू शकत नाही. बाहेरची फेरी पुरी करून आत वळायचं. पण एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत प्रवेश नाही.

माझी धाकटी जाऊ नवी नवी घरात आली तेव्हाची गोष्ट. दुपारी आम्ही पट मांडायचो. सासूबाईंची सोंगटी अगदी टप्प्यात आली तरी ही मुकाट्याने दुसरीच हलवायची. दोन-तीन दिवस सासूबाईंनी पाहिलं. मग म्हणाल्या, ‘‘अगं, मार की! मला काय लागणार आहे? न मारता आत कशी येशील?’’ तिने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. तिने मारली! सासूबाई ‘मेली गं बाई माझी’ म्हणून इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला.

चारच दिवसांनी स्वयंपाकघरात ती म्हणाली, ‘‘आई, आज वांग्याची भाजी मी माझ्या माहेरच्या पद्धतीने करू?’’ तोवर ती फक्त ‘हो’ म्हणायला तोंड उघडत होती.

हल्ली मोबाइलवर ल्युडो आहे, मुलं खेळतात. मला नाही जमत. सोंगटी मेल्यावर समोरचीचा चेहरा दिसला नाही, तर मजा कसली? तेव्हा यंदा चिंच फोडाल तेव्हा दोन चिंचोके बाजूला ठेवा. फोडले की चार फाका होतात. खेळाला भांडवल एवढंच.