मीटिंग चालू, पंपही चालू

पडद्यावर खांद्यापासून वरचाच भाग दिसतो, माइक बंद असतो आणि ओढणीखाली दूध काढायचा पंप चालू असतो. घरून काम करणाऱ्या कितीतरी आयांची दुपार अशी जाते. ब्रामध्ये बसणाऱ्या बिनवायरच्या पंपांनी हे सोपं केलंय. मोटरची घरघर मात्र माइकला ऐकू जाते, म्हणून बोलायची वेळ आली की पंप थांबवायचा.

पण दूध नुसतं यंत्राने ओढून येत नाही. स्तनाग्राला उत्तेजन मिळालं की पिट्युटरी ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं, दूधग्रंथींभोवतीच्या इवल्या पेशी आकुंचन पावतात आणि थेंब थेंब येणाऱ्या दुधाची धार लागते. मनावर ताण असला की हे ऑक्सिटोसिन अडतं. साहेब आकडे विचारत असताना बाटली रिकामी राहिली, तर दूध आटलं म्हणून घाबरू नका. बाळाचा फोटो पाहिला, त्याचं दुपटं जवळ घेतलं, की अनेकींना पान्हा फुटतो.

दूध काढायची वेळ टाळणं मात्र वाईट. साचलेलं दूधच पुढची निर्मिती मंद करतं, शिवाय गाठी होतात, त्या ठणकतात.

काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास टिकतं, फ्रिजमध्ये ४ दिवस. आपल्या उन्हाळ्यात ते लगेच फ्रिजमध्येच ठेवावं.

मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा दिली, ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केलं. दूध काढायच्या खोलीचा उल्लेख तिच्यात नाही, तो हवा होता.