नकाशाआधी जमिनीचा कागद

गोंदिया जिल्ह्यातील व्यापारी कुटुंबाचे घर म्हणजे बहुधा खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. तिरोडा असो, गोरेगाव असो वा अर्जुनी मोरगाव, धान, किराणा, कापड यांचा व्यवसाय ज्या जागेवर वाढला, त्याच जागेवर पुढच्या पिढीसाठी मजला चढविण्याची वेळ आज अनेक घरांवर आली आहे. चातुर्मास संपतो, मुहूर्त निघतो, मिस्त्री ठरतो, लोखंडाचा भाव विचारला जातो. परवानगीचा विषय मात्र ‘होऊन जाईल’ या दोन शब्दांत गुंडाळला जातो.

ग्रामपंचायतीच्या काळात हे दोन शब्द खपूनही जात. परंतु देवरी, सडक अर्जुनी, सालेकसा, गोरेगाव व अर्जुनी मोरगाव या तालुक्याच्या गावांत गेल्या दशकात नगरपंचायती आल्या आणि बांधकामाचा अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर गेला. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ आणि डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेली एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली, या दोहोंच्या चौकटीत आता लहान गावातील घरही बसवावे लागते.

न्यायाने सांगायचे तर ही नियमावली लहान घराच्या बाबतीत उदार आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर घर बांधावयाचे असल्यास परवानाधारक वास्तुविशारदाने किंवा अभियंत्याने प्रमाणित केलेला नकाशा, मालकीचे कागद आणि शुल्क भरल्याची पावती एवढे दाखल करणे पुरेसे ठरते. तीस फूट रुंद व पन्नास फूट लांब भूखंड सुमारे १३९ चौरस मीटर भरतो, म्हणजे तो या सवलतीत बसतो. चाळीस बाय साठचा भूखंड २२३ चौरस मीटरचा. ३०० चौरस मीटरपर्यंतच्या अशा भूखंडांना दहा दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. तळमजल्यावर दुकान काढावयाचे असेल, तर मात्र समोरच्या रस्त्याची रुंदी पाहिली जाते. तेव्हा नकाशात ‘निवासी’ लिहून खाली शटर बसविण्याचा मोह टाळलेला बरा.

मग घोडे अडते कोठे? बहुतेक वेळा नकाशात नव्हे, जमिनीच्या कागदात.

ग्रामपंचायतीचा जुना नमुना ८ पुष्कळ कुटुंबे मालकीहक्काचा पुरावा म्हणून जपून ठेवतात. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा नव्हे. मालकीसाठी सातबारा किंवा आखीव पत्रिका पाहावी लागते आणि ती पाहताना क्षेत्राइतकेच लक्ष धारणाधिकाराच्या रकान्याकडे द्यावे लागते. विदर्भातील जुन्या बाजारपेठांत पुष्कळ जागा नझूलच्या, म्हणजे शासनाने पट्ट्याने दिलेल्या असतात. पट्ट्याची मुदत आजोबांच्या काळीच संपलेली असते आणि ते ध्यानात येते अर्ज परत आल्यावर.

याहून अवघड नोंद ‘झुडपी जंगल’ ही होय. मालगुजारीच्या काळातील गुरेचराईची, खुरट्या झुडपांची ही जमीन १९५१ मध्ये मालगुजारी संपल्यावर शासनाकडे आली. पुढे तिच्यावर कोठे वस्त्या, कोठे कचेऱ्या उभ्या राहिल्या, पण नोंद तशीच राहिली. गोंदियासह पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांतील अशा जमिनी वनजमिनीच मानाव्यात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी वाटप झालेल्या जागांसाठी राज्य शासनाने केंद्राकडे मंजुरीचा प्रस्ताव पाठवावा, असा मार्गही त्यात दाखविला आहे. स्वस्तात मिळतो म्हणून भूखंड घेणाऱ्याने मागील साठ-सत्तर वर्षांच्या नोंदी काढून पाहाव्यात. त्याला येणारा खर्च किरकोळ असतो.

शेवटचा अडथळा घरातलाच. जागा वडिलांच्या नावावर, वडील निवर्तलेले, आणि वारसांचा फेरफार राहून गेलेला. हिंदू उत्तराधिकार कायदा जैन कुटुंबांनाही लागू आहे. वडिलांच्या मिळकतीत बहिणी वारस आहेतच आणि २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलार्जित मिळकतीतही मुलींचा मुलांइतकाच हक्क आहे. अर्जावर केवळ भावांच्या सह्या घेऊन भागत नाही. बहिणीला हक्क सोडावयाचा असेल तर तो नोंदणीकृत हक्कसोडपत्रानेच. राखीच्या दिवशी तोंडी झालेले बोलणे कचेरीत चालत नाही, आणि तिला हिस्सा हवा असेल तर तो मान्य करूनच पुढे जाणे घराच्या हिताचे असते.

‘आपण रोकडीने बांधतो, कर्ज कोणाला हवे’ असे अनेक व्यापारी म्हणतात. परंतु दहा वर्षांनी धंदा वाढतो, कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून हवी असते, आणि तारण म्हणून हेच घर पुढे केले जाते. बँकेचा मूल्यांकनकार मंजूर नकाशा हातात धरून मजले मोजतो. नकाशात नसलेल्या मजल्याची किंमत धरणे त्याला कठीण जाते. वीस-पंचवीस लाख खर्चून उभा केलेला मजला असा हिशेबाबाहेर राहतो. दाट बाजारपेठेत सामासिक अंतर सोडण्याचा नियमही केवळ कचेरीचा हट्ट नाही. डिसेंबर २०१६ मध्ये गोंदियातील एका हॉटेलला लागलेल्या आगीत सात जणांचे प्राण गेले, ते शहर अद्याप विसरलेले नाही.

परवानगी मिळाल्यावर वर्षभरात काम सुरू करावे, अन्यथा नूतनीकरण करून घ्यावे लागते. बांधकाम पूर्ण झाले की वास्तुशांतीच्या आमंत्रणांबरोबरच भोगवटा प्रमाणपत्राचा अर्जही तयार ठेवावा. हे प्रमाणपत्र पाहिल्यानंतरच वीज व पाण्याची जोडणी द्यावी आणि बँकांनीही ते तपासूनच तारणावर कर्ज द्यावे, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजी दिले आहेत.