स्त्रीवाद आणि पुरुषांचे प्रश्न : महाराष्ट्रातील दीड शतकाचा वाद

बाईने कसे वागावे, हा महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जाहीर वादाचा विषय आहे. पुरुषाने कसे वागावे, हा प्रश्न त्याच वादात सुरुवातीपासून दडलेला होता. मात्र त्याला स्वतंत्र व्यासपीठ मिळायला विसाव्या शतकाचे शेवटचे दशक उजाडावे लागले. आज ‘स्त्रीवाद विरुद्ध पुरुषांचे हक्क’ अशी जी झुंज लावली जाते, ती हा इतिहास बाजूला सारूनच लावता येते.

तुलनेची सुरुवात

१८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला, विवाहबाह्य संबंधातून झालेल्या अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात फाशी टळली, पण वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या नीतीची उणीदुणी निघाली. त्या गदारोळाला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ या पुस्तकाने उत्तर दिले. स्त्रियांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण घ्यायचा आणि तो पुरुषांत किती पटीने आहे ते दाखवायचे, अशी त्यांची पद्धत. बायको मेल्यावर पुरुष पुन्हा बोहल्यावर चढतो, मग नवरा मेल्यावर बाईनेच जन्मभर कोपऱ्यात का बसावे, हा त्यांचा रोखठोक सवाल होता. पुस्तकावर टीकेची झोड उठली. जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मरणात गेले आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले.

ताराबाईंचे वेगळेपण त्यांच्या रोखात आहे. विजयालक्ष्मीसारख्या विधवांसाठी फुले दांपत्याने १८६३ मध्येच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते, आणि १८८२ मध्येच पंडिता रमाबाईंनी आर्य महिला समाज स्थापन केला. या कामांचा भर स्त्रीला आधार आणि शिक्षण देण्यावर होता. ताराबाईंनी पुरुषाच्या वागण्यालाच तपासणीच्या टेबलावर ठेवले. ‘पुरुषपण’ हा अभ्यासाचा विषय होण्याच्या शंभर वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

कोर्टात गेलेले लग्न

लवकरच हा वाद न्यायालयात पोचला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला, तेव्हा दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. पुढे अपिलात तो फिरला आणि १८८७ मध्ये ‘नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा’ असा पर्याय त्यांच्यापुढे आला. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन परतल्या आणि पुढे त्यांनी सुरत व राजकोट येथे काम केले. नांदण्याचा हुकूम मागण्याची तरतूद मात्र हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये आजही आहे. फरक इतकाच की आता पती आणि पत्नी दोघेही तो मागू शकतात.

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षे केले, तेव्हा टिळक आणि आगरकर समोरासमोर आले. परकीय सरकारने घरात हात घालू नये, ही टिळकांची भूमिका. घरात अन्याय होत असेल तर कायद्याने तो थांबवावा, ही आगरकरांची. घराच्या उंबरठ्यावर कायद्याने थांबावे की आत यावे, हा प्रश्न तेव्हापासून मिटलेला नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याच्या वेळी तो पुन्हा निघाला आणि वैवाहिक बलात्काराच्या चर्चेत आजही निघतो.

विसाव्या शतकात र. धों. कर्वे यांनी वादाला आणखी अवघड वळण दिले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. लैंगिक सुख, त्याची जबाबदारी आणि मूल नको म्हणण्याचा हक्क यांविषयी स्त्री-पुरुषांना एकच माप लावा, हे त्यांचे म्हणणे. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू लढवली. पुढे हिंदू कोड बिल रखडल्यावर आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या बिलाचे तुकडे १९५५-५६ मध्ये वेगवेगळ्या कायद्यांच्या रूपाने संमत झाले. कर्व्यांच्या आग्रहाचे काय झाले, ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. २०१९-२१ च्या पाहणीत स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के होते आणि पुरुष-नसबंदीचे ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी जोखमीची असूनही ही स्थिती आहे.

चळवळ आणि कायदा

१९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार झाली. ‘मथुरा प्रकरण’ म्हणून ते ओळखले जाते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांना सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिने प्रतिकार केला नाही, असा त्या निकालाचा रोख होता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात बाईने ‘संमती नव्हती’ असे सांगितले, तर न्यायालयाने तेच गृहीत धरायचे, अशी तरतूद झाली. त्याच वर्षी पती व सासरच्या छळाविरुद्धचे कलम ४९८-अ आले.

पुढच्या काळात चळवळीला आतून प्रश्न विचारले जाऊ लागले. शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रीच्या जागेवरून स्त्रीवादाची फेरमांडणी केली. त्याआधी शेतकरी संघटनेच्या १९८६ च्या चांदवड अधिवेशनाला ग्रामीण स्त्रिया प्रचंड संख्येने आल्या. त्यातून पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ ही मोहीम निघाली. संघटनेचे नेते शरद जोशी यांनी शेतकऱ्यांना सांगितले, की घरची लक्ष्मी तुमच्या रानात जन्मभर राबते, तिचे देणे आधी फेडा आणि जमिनीचा एक तुकडा तिच्या नावावर करा. जळगाव जिल्ह्यातील विटनेरसारख्या गावांत अनेक शेतकऱ्यांनी स्वतःहून सातबाऱ्यावर बायकोचे नाव लावले. कोणताही कायदा त्यांच्यावर तशी सक्ती करत नव्हता. पुरुषाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे न करता त्याच्या हातून हक्क देववणारा हा प्रयोग या साऱ्या वादातला दुर्मीळ टप्पा आहे.

पुरुषांचे दोन प्रवाह

१९९१ मध्ये पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी, बायकोला मारहाण करणे ज्यांना मान्य नाही अशा पुरुषांना जाहिरातीतून साद घातली. दोनशेहून अधिक पुरुषांनी उत्तरे पाठवली. त्यातून १९९३ मध्ये मुंबईत ‘मावा’ ही संस्था उभी राहिली. हरीश सदानी यांच्या पुढाकाराने ती महाविद्यालयीन तरुणांशी लैंगिकता, हिंसा आणि पुरुषपण यांवर बोलते; ‘पुरुष स्पंदनं’ हा तिचा दिवाळी अंक. ‘रडतोस काय बायकांसारखा’, ‘हातात बांगड्या भरल्यास का’, ‘बायकोच्या ताटाखालचं मांजर’ ही घरोघरची वाक्ये मुलाला पुरुष बनवताना त्याचे काय काय काढून घेतात, याची चर्चा या प्रवाहाने मराठीत रुजवली.

दुसरा प्रवाह गाऱ्हाण्यातून आला. ४९८-अ चा गैरवापर होतो, वृद्ध आईवडिलांची आणि दूरच्या नातलगांचीही नावे फिर्यादीत गोवली जातात, असे सांगत २००५ च्या सुमारास पतींच्या संघटना देशभर उभ्या राहिल्या. छत्रपती संभाजीनगरजवळ पत्नीपीडित पुरुषांचा आश्रम निघाला. वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी तिथले पुरुष पिंपळाला उलट्या फेऱ्या मारतात आणि ‘हीच बायको पुन्हा नको’ असे साकडे घालतात. हा प्रकार हसण्यावारी नेला जातो. परंतु वर्षानुवर्षे चालणारे खटले, पोटगीची थकबाकी आणि मुलांची तुटलेली भेट या त्यामागच्या व्यथा खऱ्या आहेत.

न्यायालयांनी दोन्ही बाजू ऐकल्या आहेत. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४९८-अ घटनात्मक ठरवले, पण त्याचा गैरवापर हा ‘कायदेशीर दहशतवाद’ ठरू शकतो, असा इशाराही दिला. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने तक्रार येताच सरसकट अटक करण्यास मज्जाव केला. २०१७ मध्ये तक्रारी आधी कुटुंब कल्याण समित्यांकडे पाठवण्याचा आदेश निघाला. २०१८ मध्ये तो मागे घेतला गेला. आता ४९८-अ ची तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ मध्ये आहे.

या वादातले आकडे दोन्हीकडून अर्धवट वापरले जातात. २०२२ मध्ये पती वा सासरच्या छळाचे सुमारे १ लाख ४० हजार गुन्हे देशात नोंदले गेले. शिक्षेचे प्रमाण कमी, म्हणून तक्रारी खोट्या, असा निष्कर्ष पतींच्या संघटना काढतात. पण साक्षीदार फिरणे, तडजोड होणे आणि तपास ढिला असणे यांमुळेही आरोपी सुटतात. उलट, प्रत्येक तक्रार खरीच असे मानणेही न्यायाला धरून नाही. आरोप तपासूनच शाबीत व्हावा लागतो. छळाचा मूळ प्रश्न मात्र गुन्ह्यांच्या नोंदीपेक्षा मोठा आहे. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित वा पूर्वी विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के जणींनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. काही कारणांसाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्य, असे ४४ टक्के पुरुषांना वाटत होते, आणि ४५ टक्के स्त्रियांनाही.

जिथे दोन्ही मागण्या एक झाल्या

व्यभिचाराचे कलम ४९७ या साऱ्या इतिहासात बोलके आहे. विवाहितेशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद. बाईला शिक्षा नाही. आणि तिच्या नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही. फक्त पुरुषालाच शिक्षा का, असा आक्षेप मुंबईच्या एका खटल्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५४ मध्ये फेटाळला गेला. १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठाने कलम कायम ठेवले. स्त्रीवाद्यांचा आक्षेप दुसराच होता : हे कलम बायकोला नवऱ्याच्या मालमत्तेसारखे वागवते. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी ते रद्द केले. त्यांत धनंजय चंद्रचूड होते, म्हणजे वडिलांचा निकाल मुलाने बदलला. पुरुषावरचा अन्याय आणि स्त्रीचा अपमान एकाच तरतुदीत होता, हे त्या दिवशी मान्य झाले.

असेच इतरत्रही दिसते. बालकांवरील अत्याचारांबाबत केंद्र सरकारच्या २००७ च्या अभ्यासात लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलांत निम्म्याहून अधिक मुलगे होते. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलगा आणि मुलगी दोघांनाही संरक्षण दिले. प्रौढ पुरुषावरील बलात्काराला मात्र नव्या न्याय संहितेत जागा उरलेली नाही. मातृत्वरजा २०१७ पासून २६ आठवडे आहे. केंद्र सरकारी नोकरीतील पित्याला १५ दिवस मिळतात आणि खासगी क्षेत्रातील पित्याला कायद्याने काहीच नाही. मूल ही आईचीच जबाबदारी, हे गृहीतक बाईची नोकरी धोक्यात आणते आणि बापाला पाळण्यापासून दूर ठेवते. २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जात होता, पुरुषांचा ८८ मिनिटे.

पुरुषांच्या आत्महत्यांचा मुद्दाही याच चौकटीत पाहावा लागतो. २०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांत पुरुष सुमारे ७२ टक्के. नोंदलेल्या कारणांत विवाहविषयक कारणांचा वाटा ४.८ टक्के, इतर कौटुंबिक समस्यांचा ३१.७ आणि आजारपणाचा १८.४ टक्के होता. मृतांत सर्वांत मोठा गट रोजंदारीवरच्या मजुरांचा होता. शेती क्षेत्रातील ११,२९० आत्महत्यांपैकी ३७.६ टक्के एकट्या महाराष्ट्रातल्या. कमावता पुरुष कर्जात बुडाला तरी घरात बोलत नाही, कारण कर्ता हरला असे म्हणण्याची सोय त्याला नाही. त्याच्या मागे राहिलेल्या बाईवर कर्ज येते, पण जमीन अनेकदा तिच्या नावावर नसते.

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमलेले तरुण नवरदेवाच्या पोशाखात, घोड्यावर बसून, बँड वाजवत जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. मुली मिळत नाहीत, गर्भलिंगनिदानाचा कायदा कडक राबवा, अशी त्यांची मागणी होती. ती बरोबर होती. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात तर ८०७. या तरुणांच्या आधीच्या पिढीने मुलगाच हवा म्हणून जे केले, त्याची किंमत ते मोजत होते. शेतकऱ्याला मुलगी न देण्यामागे बेभरवशाची शेती आहे, तशी सातबाऱ्यावर सुनेला नसलेली जागाही आहे.

या दीडशे वर्षांचा निष्कर्ष सरळ आहे. पुरुषांचे प्रश्न खरे आहेत, पण ते स्त्रीवादाने निर्माण केलेले नाहीत. ज्या चालीरीतींनी बाईला बांधले, त्यांनीच पुरुषाला कर्तेपणाच्या जोखडाला जुंपले. खोट्या फिर्यादीची शक्यता कायद्याने तपासावी आणि खऱ्या छळाची शिक्षाही वेळेत व्हावी. या दोन मागण्यांत वैर नाही. स्त्रीचे दुःख खोडून पुरुषाचे मांडणारा किंवा पुरुषाचे हसण्यावारी नेऊन स्त्रीचे मांडणारा युक्तिवाद कोणाच्याच कामाचा नाही. लक्ष्मीमुक्तीचा सातबारा आणि रद्द झालेले कलम ४९७ हे दाखवतात, की दोघांचा प्रश्न एक मानला तेव्हा दोघांचाही फायदा झाला. पितृत्वरजा, संयुक्त नावाची जमीन आणि अत्याचारग्रस्त पुरुषासाठी कायदा या पुढच्या मागण्या स्त्री आणि पुरुष संघटनांनी एकत्र कराव्यात.