नकाशातलं ऊन

फ्रिज घ्यायला गेलं की आपण आधी त्यावरचे तारे मोजतो. २००६ पासून हे तारे दिसू लागले आणि जास्त तारे म्हणजे कमी बिल, हे आता आपल्याला पाठच झालंय. पण ज्या घरात तो फ्रिज ठेवायचा, त्या घराचा हिशेब कोण करतं?

आमचं घर २००३ साली बांधलं. नकाशावरची चर्चा रंगली बाहेरच्या खोलीत, आणि मी आत पोहे परतत होते. झोपायची खोली आली पश्चिमेला. मोठी खिडकी, वर छानसा छज्जा. पहिल्याच मे महिन्यात कळलं, की चारनंतरचं तिरपं ऊन छज्जाखालून सरळ पलंगावर येतं. भिंत तर रात्री उशिरापर्यंत धग सोडायची. मग कूलर आला, जाड पडदे आले, बिल वाढलं. भिंत काही हलवता आली नाही!

माझी भाची एका आर्किटेक्टकडे काम करते. ती सांगते, "मावशी, मोठ्या इमारतींचा हिशेब आम्ही पाया खणायच्या आधीच करतो." नकाशा, त्या गावचं वर्षभराचं हवामान, भिंती कशाच्या, काच किती, हे सगळं संगणकात भरायचं. कुठली खोली किती तापेल, वीज किती लागेल, याचा अंदाज तिथेच येतो. मग खिडकी सरकवायची ती कागदावर.

हे सगळं आठवलं ते आमच्या बचत गटातल्या एका ताईमुळे. नवरा गेलेला, पदरी दहावीतली मुलगी. तिला घरकुल मंजूर झालं. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेतलं (ग्रामीण), किमान २५ चौरस मीटरचं. मिस्त्रींनी वहीच्या पानावर नकाशा काढून दिला होता. दोन स्लायडिंग खिडक्या, त्यातली एक नेमकी पश्चिमेला.

भाचीला फोन लावला. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं २०१८ मध्ये घरांसाठी 'इको-निवास संहिता' काढली. ती होती ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींसाठी. घरकुलाला तिची सक्ती नाही. पण तिच्यातलं गणित कुणालाही करता येतं. आमच्यासारख्या उष्ण-कोरड्या भागात आतल्या जागेच्या निदान १० टक्के जागा हवेसाठी उघडणारी असावी. आणि त्यात तळमजल्याचं बाहेरचं दार धरायचं नाही.

हे ऐकून ताई पटकन म्हणाली, "बरोबरच आहे. मायलेकी दोघीच आम्ही, रात्री दार कसं उघडं टाकणार?"

आम्ही वहीवरच हिशेब केला. आतली जागा साधारण २२० चौरस फूट, म्हणजे २२ फूट उघडी हवी. चार बाय तीनच्या दोन खिडक्या मिळून २४ फूट होतात. पण स्लायडिंग उघडते निम्मीच. म्हणजे हवेला मिळणार १२ फूट! मिस्त्री म्हणाले, "अहो वहिनी, आता सगळे स्लायडिंगच बसवतात." मी म्हटलं, "भाऊ, त्याच मापाची पल्ल्यांची बसवा. पूर्ण उघडेल." त्यांना पटलं. पश्चिमेची खिडकी उत्तरेला गेली, दुसरी तिच्या समोर दक्षिणेला. वारा आरपार जावा म्हणून. दक्षिणेचं ऊन वरून येतं, ते छज्जा अडवतो. पश्चिमेच्या अंगाला न्हाणीघर घेतलं, म्हणजे ऊन आधी त्याच्या भिंतीवर पडेल. हे सगळे बदल झाले ते खोडरबरानं.

घर उभं राहिलं. उन्हाळ्यात छतावर ऊन सगळ्यात जास्त पडतं, म्हणून स्लॅबवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले. तरी भर दुपारी घर तापतंच. एवढ्या उन्हात ते गार राहतं असं म्हणणं खोटं ठरेल. पण संध्याकाळी दोन्ही खिडक्या उघडल्या की घर लवकर निवतं. कडी लावून, पंख्यावर दोघी झोपतात. कूलर अजून घेतलेला नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या घरी नकाशा आला की चहा दुसऱ्या कुणाला तरी करू द्या. तुम्ही नकाशापाशी बसा आणि विचारा: दुपारचं ऊन कुठल्या खोलीत येणार? खिडकी पूर्ण उघडते की निम्मी? वारा शिरला तर बाहेर कुठून पडणार? स्लॅबवर काय घालणार? दिवसा ओट्यापाशी दिवा लावावा लागेल का?

घरात सगळ्यात जास्त वेळ आपणच असतो. मग विचारायला संकोच कसला?